टेम्सकांठचें शुश्रूषामंदिर

लंडन शहरीं आलेला आपल्याकडील प्रवासी वेस्टमिन्स्टरच्या पुलावर उभा राहिला म्हणजे त्याची दृष्टि साहजिकच पश्चिमेकडे वळते. पार्लमेंटचें तें भव्य मंदिर, त्याचें जगप्रसिद्ध घड्याळ आणि खालून वाहणारी मातकट रंगाची टेम्स नदी, हें सर्व त्यानें चित्रांत शंभर वेळां पाहिलेलें असतें. तें प्रत्यक्ष पाहून झालें, छायाचित्र घेऊन झालें, कीं तो पुढच्या स्थळाकडे धांव घेतो. त्याच पुलाच्या पूर्वेकडील टोंकाशीं, पार्लमेंटच्या अगदीं समोर, सेंट टॉमस नांवाचें एक विस्तीर्ण इस्पितळ आहे. तिकडे वळून पाहणारा क्वचितच आढळतो. परंतु ज्या घरांतील मुलगी, सून किंवा भाची आज परिचारिकेच्या व्यवसायांत आहे, किंवा ज्या घरांत वृद्ध आईबापांच्या शुश्रूषेचा प्रश्न उभा आहे,—आणि असें एखादें घर ज्याच्या माहितींत नाहीं असा वाचक विरळाच,—त्या घरांतील मंडळींनीं येथें दोन घटका थांबावें अशी माझी विनंति आहे.

हें इस्पितळ मूळचें या जागेवरचें नव्हे. शतकानुशतकें तें लंडन ब्रिजजवळ सदर्क भागांत होतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आगगाडीच्या मार्गाला ती जागा हवी झाली आणि इस्पितळास स्थलांतर करावें लागलें. इ. स. १८७१ मध्यें राणी व्हिक्टोरियाच्या हस्तें येथील नवी वास्तु उघडण्यांत आली. नदीच्या कांठानें एकीपुढें एक अशा निरनिराळ्या इमारती, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांस उंच खिडक्या, समोरासमोरच्या खिडक्यांतून खेळणारी हवा, आणि आंत लांबच लांब दालनाच्या दोन्ही भिंतींशीं लावलेल्या खाटा, अशी ती रचना होती. दालनांत उभ्या असलेल्या मुख्य परिचारिकेस एका दृष्टिक्षेपांत सगळे रोगी दिसावे, हा तिचा हेतु. दुसऱ्या महायुद्धाच्या बाँबवर्षावांत यांतील कांहीं इमारतींचा नाश झाला व त्यांच्या जागीं नव्या पद्धतीचे चौकोनी इमले उठले. परंतु दक्षिणेच्या बाजूस जुन्यांपैकीं कांहीं अद्यापि उभ्या आहेत. त्यांच्याकडे पाहतांना ध्यानांत येतें, कीं परिचारिकेचें मुख्य उपकरण म्हणजे तिचे दोन डोळे, ही कल्पना त्या काळच्या लोकांनीं विटांत व चुन्यांत घडवून ठेविली होती.

इस्पितळाच्या आवारांतच फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या स्मरणार्थ एक लहानसें संग्रहालय आहे. तेथें तुर्की फानूसाचें दर्शन होतें. चित्रकारांनीं बाईंच्या हातीं बहुधा जुन्या ग्रीक घाटाचा तेलाचा दिवा दिलेला आहे. खरा कंदील म्हणजे घड्या घालून मिटतां येणारा हा साधा फानूस होय. बाईंनीं अथेन्सहून आणलेलें व खिशांत बाळगलेलें अथेना नांवाचें घुबडही तेथें पेंढा भरून ठेविलेलें आहे. घुबड म्हणजे अपशकुन अशी आपली समजूत. परंतु अंधारांत पाहणें हेंच ज्या पक्ष्याचें कौशल्य, तो परिचारिकेच्या सोबतीस असावा यांत मला औचित्यच वाटलें.

कंदिलानें या बाईंना कीर्ति दिली. काम केलें तें आंकड्यांनीं. इ. स. १८५४ मध्यें क्रिमियाच्या युद्धांत त्या ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत गेल्या. तेथें जखमांनीं मेलेल्या शिपायांपेक्षां पटकी, हगवण व ज्वर यांनीं मेलेले कितीतरी अधिक होते. परत आल्यावर त्यांनीं महिन्यामहिन्याच्या मृत्यूंची वर्तुळाकार चित्रें काढून, कोणता मृत्यु टाळतां येण्यासारखा होता हें मंत्र्यांच्या डोळ्यांपुढें मांडलें. इ. स. १८५८ मध्यें लंडनच्या संख्याशास्त्र-मंडळानें त्यांना सभासद करून घेतलें; त्या मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद. एका इस्पितळाची नोंद दुसऱ्या इस्पितळाच्या नोंदीशीं जुळत नाहीं, आणि न जुळणाऱ्या नोंदींवरून कोणतेंच अनुमान काढतां येत नाहीं, हें ओळखून त्यांनीं सर्व इस्पितळांसाठीं एकच नमुना असावा अशी योजना इ. स. १८६० च्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र-परिषदेपुढें ठेविली. आज संगणकशास्त्रज्ञ ज्या प्रश्नाशीं झुंजत आहेत तो हाच.

याच्याही आधींची एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. इ. स. १८५३ मध्यें हार्ले रस्त्यावरील आजारी स्त्रियांच्या एका छोट्या संस्थेची व्यवस्था बाईंकडे आली. तेव्हां त्यांनीं ज्या सोयी मागितल्या त्यांत या तीन होत्या: प्रत्येक मजल्यावर नळानें गरम पाणी, जेवण वर चढविण्यास एक पाळणा, आणि रोग्यांनीं वाजवावयाच्या घंटा. घंटा अशा हव्या होत्या कीं ती वाजल्याबरोबर तिची झडप उघडावी व उघडीच राहावी, म्हणजे कोणी बोलाविलें हें परिचारिकेस मागाहूनही कळावें. आज प्रत्येक इस्पितळांत रोग्याच्या उशाशीं जें बटण असतें व दाराबाहेर जो दिवा लागतो, त्यांची ही आजीच म्हणावयाची! यांतील हेतु वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा. परिचारिकेचा जिन्यावरील चढउतारींत जाणारा वेळ वांचावा व तो रोग्याजवळ खर्च व्हावा, एवढ्यासाठींच हीं यंत्रें त्यांना हवीं होतीं. पुढें येणाऱ्या सर्व यंत्रांची परीक्षा घेण्यास मी हीच कसोटी लावणार आहें.

आतां आजच्या काळाकडे वळूं. इ. स. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत सेंट टॉमस, त्याचें जोड-इस्पितळ गाय व शेजारचें किंग्स कॉलेज इस्पितळ यांनीं रोग्यांच्या नोंदींची सारी व्यवस्था ‘एपिक’ नांवाच्या एका अमेरिकन संगणकप्रणालीकडे सोंपविली. असे बदल आतां देशोदेशींच्या इस्पितळांत होत आहेत. दालनांत त्यामुळें प्रत्यक्ष काय घडतें हें मला कोल्हापूरकडील एका मराठी भगिनीनें समजावून दिलें. ती लंडनच्याच एका मोठ्या इस्पितळांत कित्येक वर्षें परिचारिका आहे, आणि तिच्या बरोबरीच्या कित्येकजणी केरळांतून, फिलिपाईन्समधून व आफ्रिकेंतून आलेल्या आहेत.

रोग्याच्या मनगटावर एक पट्टी असते व तिच्यावर काळ्या रेघांची खूण असते. औषध देण्यापूर्वीं परिचारिकेनें त्या खुणेवर व औषधाच्या वेष्टनावर एक लहानसें यंत्र धरावयाचें. माणूस, औषध, मात्रा व वेळ यांचा मेळ बसला तरच संगणक होकार देतो. नाडी, श्वास, रक्तदाब, ताप, रक्तांतील प्राणवायु आणि शुद्धि, या सहा गोष्टी मोजून संगणकांत भरल्या म्हणजे प्रत्येकीस शून्य ते तीन असे गुण मिळतात, आणि बाहेरून प्राणवायु द्यावा लागत असल्यास आणखी दोन गुण चढतात. ही पद्धति इंग्लंडांतील वैद्यांच्या रॉयल कॉलेजनें इ. स. २०१२ मध्यें प्रथम प्रसिद्ध केली व २०१७ मध्यें सुधारली. बेरीज पांच झाली कीं डॉक्टरास तांतडीनें कळवावयाचें, सात झाली कीं आणीबाणी. येथें गुण जितके अधिक तितकें वाईट, हें आमच्या परीक्षार्थी वाचकांनीं विसरूं नये!

“काका,” ती म्हणाली, “या बेरजेचा मोठा फायदा माझ्यासारखीला झाला. पूर्वीं मध्यरात्रीं डॉक्टरला उठवायचें म्हणजे जीव वरखालीं व्हायचा. नुसतें ‘मला बरें दिसत नाहीं’ म्हटलें तर कोण ऐकणार? आतां मी ‘सात’ म्हणतें, आणि तो धांवत येतो.”

मला हें बोलणें फार मोलाचें वाटलें. नुकत्याच नोकरीस लागलेल्या, परक्या देशांत परक्या भाषेंत बोलणाऱ्या मुलीच्या शंकेस आंकड्यानें अधिकार दिला. नाइटिंगेल बाईंनीं मंत्र्यांपुढें जें केलें तेंच ही मुलगी मध्यरात्रीं एका दालनांत करीत असते.

परंतु तिनें दुसरी बाजूही लपविली नाहीं. “कधीं कधीं वाटतें, मी रोग्याची नर्स कीं संगणकाची? चाकांवरचा संगणक ढकलत खाटेजवळ नेतें, आजी बोलत असतात, आणि मी त्यांच्याकडे न पाहतां चौकटी भरत असतें. एकदां एक आजी म्हणाल्या, तुझें काम झालें म्हणजे मला सांग, मग मी बोलतें.”

हें वाक्य ऐकून आम्ही दोघेंही क्षणभर गप्प बसलों. तिच्या इस्पितळांत पूर्वीं कागदावर चार ओळींत जें मावत असे, त्यासाठीं आतां अनेक पानें उघडावीं लागतात, अशी तिची तक्रार होती. जिन्याची चढउतार वांचली खरी. परंतु ती पडद्यावर पुन्हां उपटली, असेंच म्हणावयाचें. अतिदक्षता-विभागांतील यंत्रांच्या कर्कश सूचनांचेंही असेंच आहे. त्यांतील पुष्कळ सूचना कोणत्याही उपायाची गरज नसतांना वाजतात. आणि रुळांजवळ राहणाऱ्यास जसा आगगाडीचा आवाज ऐकूं येईनासा होतो, तसा परिचारिकेचा कान बधिर होतो. मग खरी सूचना खोट्यांच्या गर्दींत हरवते. अमेरिकेंत इस्पितळांस मान्यता देणाऱ्या संस्थेनें इ. स. २०१४ मध्यें या धोक्याच्या निवारणास राष्ट्रीय उद्दिष्टांत स्थान दिलें, यावरून त्याचें गांभीर्य दिसून येईल.

आंकड्यांवर आंधळा विश्वास ठेवूं नये याचें आणखी एक उदाहरण आपल्या अगदीं जवळचें आहे. बोटास चिमट्याप्रमाणें लावून रक्तांतील प्राणवायु मोजण्याचें उपकरण कोरोनाच्या सांथींत आपल्याकडेही घरोघर पोंचलें. जपानच्या ताकुओ आओयागी या संशोधकानें इ. स. १९७४ मध्यें त्याचें मूलतत्त्व शोधून काढलें, आणि त्या शोधानें असंख्य प्राण वांचविले, यांत शंका नाहीं. हें उपकरण बोटांतून प्रकाश पाठवून मोजमाप करतें. इ. स. २०२० मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, उपकरणाचा आंकडा समाधानकारक असूनही रक्तांत प्राणवायु प्रत्यक्षांत कमी आहे, हा प्रकार गौरवर्णीयांपेक्षां कृष्णवर्णीय रोग्यांत जवळजवळ तिप्पट वेळां घडत होता. सांवळ्या माणसांच्या आपल्या देशानें यांतून घ्यावयाचा बोध उघड आहे. उपकरण ९५ म्हणत असलें आणि रोगी धापा टाकीत असला, तर विश्वास धापांवर ठेवावा.

आणि यंत्रच बंद पडलें तर? इ. स. २०२२ च्या जुलै महिन्यांत इंग्लंडांत उष्णतामान प्रथमच ४० अंशांच्या वर गेलें. नागपूरकरांस याचें हंसूं येईल. परंतु त्या उन्हाळ्यांत गाय व सेंट टॉमस या इस्पितळांच्या संगणक-भांडारांतील शीतयंत्रणा कोलमडली, आणि पूर्ववत् कारभार सुरू होण्यास कित्येक आठवडे लागले. कागद व पेन्सिल पुन्हां बाहेर आलीं. पुढें इ. स. २०२४ च्या जूनमध्यें खंडणीखोर चोरांनीं, या इस्पितळांच्या रक्ततपासणीचें काम करणाऱ्या संस्थेच्या संगणकांस टाळें ठोकलें. रक्तगट जुळवून पाहण्यास विलंब होऊं लागला, हजारों भेटी व शस्त्रक्रिया पुढें ढकलाव्या लागल्या, आणि कोणासही चालणाऱ्या ‘ओ’ गटाच्या रक्तासाठीं दात्यांना जाहीर आवाहन करावें लागलें. ज्या परिचारिकेस कागदावर तक्ता आंखून नाडीचा आलेख काढतां येतो तिचें मोल अशा दिवशीं कळतें.

तथापि यंत्राचे दोषच गाऊन मी येथून निघालों तर तो अन्याय होईल. इस्पितळाच्या नदीकडील बाजूस, दगडी धक्क्याच्या लांब भिंतीवर, तांबड्या रंगाचीं हृदयाचीं लहान लहान चित्रें काढलेलीं आहेत. कोरोनानें गेलेल्या प्रत्येक माणसासाठीं एक, अशा संकल्पानें इ. स. २०२१ च्या मार्च महिन्यांत हें काम सुरू झालें. आज तीं दोन लाखांहून अधिक आहेत. कित्येकांत आप्तांनीं नांवें लिहिलीं आहेत. त्या सांथींत नातलगांना दालनांत प्रवेश नव्हता. तेव्हां नखशिखांत झांकलेल्या परिचारिका हातांत लहान पडदा धरून खाटेजवळ उभ्या राहिल्या, आणि दूर घरीं बसलेल्या मुलांनीं त्या पडद्यांतून आईबापांचा निरोप घेतला. कोल्हापूरच्या त्या भगिनीनेंही असा पडदा अनेकदां धरला. “हात भरून यायचा, पण खालीं घेववत नसे,” एवढेंच ती बोलली. त्या वेळीं यंत्र रोगी व माणूस यांच्या मध्यें आलें नाहीं; त्यानें दोघांना जोडलें. तेथें पडदा धरणारा हातही तितकाच आवश्यक होता, हें मात्र सांगितलें पाहिजे.

इस्पितळापासून पायीं थोड्या अंतरावर वॉटर्लू स्थानक आहे व त्याच्या शेजारच्या रस्त्यावर किंग्स कॉलेजची परिचर्या-विद्याशाखा आहे. इ. स. १८६० मध्यें सेंट टॉमसमध्यें उघडलेल्या नाइटिंगेल शाळेची ही वंशज. तिच्या इमारतीस नांव आहे तें जेम्स क्लार्क मॅक्सवेल या पदार्थशास्त्रज्ञाचें. ज्याच्या विद्युच्चुंबकीय लहरींच्या सिद्धान्तावर आजचें सारें बिनतारी दळणवळण उभें आहे त्याचें! परिचर्या व विद्युल्लहरी यांचें हें एका छपराखालचें वास्तव्य योगायोगाचें असलें, तरी अर्थपूर्ण आहे.

पुतळ्यावर शिकण्याची चाल नवी नव्हे. अमेरिकेंतील हार्टफर्डच्या इस्पितळानें इ. स. १९११ मध्येंच बाहुल्या बनविणाऱ्या चेस बाईंकडून माणसाएवढी बाहुली करून घेतली होती. विद्यार्थिनी तिला कूस बदलावयास व कपडे घालावयास शिकत. आजची बाहुली श्वास घेते, तिची नाडी लागते, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होतात, आणि शेजारच्या खोलींतून शिक्षिका संगणकाच्या साह्यानें तिची प्रकृति हवी तेव्हां बिघडविते. इ. स. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत, प्रत्यक्ष अनुभवाचे निम्म्यापर्यंतचे तास उत्तम प्रतीच्या अशा कृत्रिम सरावानें भरून काढले, तरी विद्यार्थिनींच्या तयारींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं असें दिसलें. इंग्लंडांतील नियामक मंडळानें इ. स. २०२३ मध्यें २,३०० तासांच्या प्रात्यक्षिकांपैकीं ६०० तासांपर्यंत असा सराव मान्य केला. चूक करावयाची ती बाहुलीवर करावी, रोग्यावर नव्हे, हा विचार कोणासही पटेल. मात्र बाहुलीस लाज वाटत नाहीं, ती मुलाच्या आठवणीनें रडत नाहीं, व रात्रीं दोन वाजतां उगाच हांक मारीत नाहीं. उरलेले १,७०० तास त्यासाठीं आहेत.

हें पाहतांना मला पुण्याची आठवण झाली. इ. स. १९०९ मध्यें रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत सेवासदन स्थापन केलें, आणि पुढें त्या संस्थेच्या द्वारें आपल्या घरांतील विधवा व इतर स्त्रिया परिचर्या शिकण्यास ससून इस्पितळांत जाऊं लागल्या. त्या काळच्या सनातनी पुण्यास हें रुचलें नाहीं. सोंवळें, स्पर्श व परपुरुष यांचे प्रश्न निघाले. त्या स्त्रियांनीं ते सोसले व रोग्याच्या अंगाला हात लावला. भारतीय परिचर्या परिषदेनें इ. स. २०२१ च्या सुधारित पदवी-अभ्यासक्रमांत माहिती-तंत्रज्ञान हा विषय दुसऱ्या सत्रांत घातला, हें योग्यच झालें. परंतु ज्या स्पर्शासाठीं आपल्या पणज्यांनीं समाजाशीं झगडा केला, तो पणतींनीं पडद्याच्या भरीस पडून गमावूं नये, एवढेंच मनांत येतें.

लंडनच्या वायव्येस हॅरो म्हणून उपनगर आहे. तेथें मी ज्या मराठी कुटुंबांत उतरलों होतों, त्या गृहस्थांचे वडील पुण्यास सदाशिव पेठेंत एकटे राहतात. त्यांच्या शुश्रूषेस एक बाई ठेविली आहे. ती रोज सकाळीं रक्तदाब, साखर व प्राणवायु यांचे आंकडे मोबाईलवर पाठविते, आणि मुलगा चहाच्या पहिल्या घोटाबरोबर ते वाचतो. सर्व आंकडे महिनाभर उत्तम होते. एके दिवशीं बाईनें आंकड्यांखालीं आपण होऊन एक ओळ लिहिली: “आजोबांनीं दोन दिवस वर्तमानपत्र उघडलें नाहीं.” मुलानें तो निरोप मला दाखविला, आणि दुसऱ्याच दिवशीं विमानाचें तिकीट काढलें. वडिलांना धरलें होतें तें नैराश्यानें. त्यास मोजण्याचें उपकरण बोटास लावतां येत नाहीं.

नाइटिंगेल बाईंच्या परिचर्येवरील पुस्तकांत रोग्याच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्या सदाशिव पेठेंतील बाईनें तें कधीं पाहिलेंही नसेल. परंतु तिनें तें आचरिलें, आणि मोबाईल होता म्हणून तिचें निरीक्षण साडेचार हजार मैलांवर एका क्षणांत पोंचलें. यंत्राची योग्यता येवढीच आहे व ती थोडी नाहीं. आपल्या घरीं शुश्रूषेस येणाऱ्या बाईच्या हातीं उपकरणें अवश्य द्यावीं, तीं वापरावयास तिला शिकवावें, आणि नोंदीच्या तक्त्यांत शेवटीं एक रिकामी ओळ राखून, “आज तुम्हांला काय वेगळें दिसलें?” हें तिला रोज आदरानें विचारावें.